आरोग्यविम्याची सनद व औषधोपचाराचा भोगवटा

जुन्या कागदांचा व्यासंग करणाऱ्यांस एक गोष्ट लौकरच कळून येते. सनद सांपडली म्हणजे वतन सिद्ध झालें असें होत नाहीं. राजानें अमुक गांवची अमुक जमीन अमक्यास इनाम करून दिली, शिक्का उठला, बारनिशी झाली, सर्व कांहीं यथासांग झालें. परंतु ती जमीन त्या गृहस्थाच्या नांगराखालीं खरोखर आली कीं नाहीं, हें सनदेवरून कळत नाहीं. तें कळण्यास गांवचे हिशेब पाहावे लागतात, वसुलाच्या पावत्या पाहाव्या लागतात, भाऊबंदांचे करीने व गोतसभेचे महजर पाहावे लागतात. सनद हा हक्काचा लेख होय. भोगवटा ही निराळी वस्तु आहे.

हीच कसोटी एका वेगळ्या प्रकारच्या सनदेस लावून पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. इ. स. १८८३ सालीं जर्मनींत बिस्मार्कच्या कारकीर्दींत मजुरांच्या आजारविम्याचा कायदा झाला, आणि तेव्हांपासून आजपर्यंत अनेक राष्ट्रांनीं आपापल्या प्रजेस अशा सनदा करून दिल्या आहेत. आपल्या देशांतही त्या झाल्या आहेत व होत आहेत. राष्ट्रीय आरोग्यविम्याच्या सुधारणेनें लोकांस वैद्य व औषध खरोखर अधिक मिळूं लागतें काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि त्याचें उत्तर बहुधा कायद्याचीं कलमें वाचून दिलें जातें. म्हणजे सनद वाचूनच निवाडा होतो. आमच्या मतें हा निवाडा भोगवट्याच्या कागदांवरून झाला पाहिजे. त्यासाठीं आम्ही ब्रिटनमधील १९११ पासून १९४८ पर्यंतचें प्रकरण घेतों; कारण त्या प्रकरणीं सरकारी अहवालांबरोबरच, ज्यांस हक्क मिळाला नाहीं त्यांचीं स्वहस्तें लिहिलेलीं पत्रेंही छापून राहिलीं आहेत. असा योग इतिहासांत क्वचितच येतो. शिवाय आपल्याकडील पहिली सनद ज्या मसुद्यावरून बेतली गेली, त्याचा नमुना पुष्कळ अंशीं तोच होता.

मूळ मुद्दा काय आहे तें आपल्या वैद्यकग्रंथांच्या आधारें चांगलें स्पष्ट होतें. चिकित्सेचे चार पाद सर्व ग्रंथकार सांगतात: वैद्य, द्रव्य म्हणजे औषध, परिचारक व रोगी. प्रत्येकाचे चार चार गुण असावे असेंही सांगितलें आहे. पैकीं रोग्याच्या गुणांकडे अभ्यासकानें अवश्य लक्ष द्यावें. चरकानें रोग्याच्या ठायीं स्मृति, आज्ञाधारकपणा, निर्भयता व आपला रोग सांगण्याचें सामर्थ्य हीं अपेक्षिलीं. पैशाचें नांव काढलें नाहीं. सुश्रुताच्या यादींत मात्र ‘द्रव्यवान्’ हें पद आहे, आणि वाग्भटानें तर ‘आढ्य’ म्हणजे धनिक हा गुण रोग्याच्या गुणांत अगदीं आरंभींच घातला आहे. याचा अर्थ वाग्भट निष्ठुर होता असा कोणी करूं नये. औषधाला पैसा लागतो व निर्धनाची चिकित्सा अर्ध्यावर तुटते, हा अनुभव त्यानें नोंदविला इतकेंच. आरोग्यविम्याचा कायदा म्हणजे निर्धन रोग्यास कायद्यानें ‘आढ्य’ करण्याचा प्रयत्न होय. तो चारांपैकीं एकाच पादाचा एकच गुण पुरवितो, ही गोष्ट वाचकांनीं पुढील विवेचनांत ध्यानांत ठेवावी.

१९११ पूर्वीं ब्रिटनमधील मजूर आजारी पडला म्हणजे काय करी? ज्याची कमाई नियमित असे तो परस्परसाहाय्यक मंडळीचा सभासद होई. मंडळी आपला डॉक्टर नेमी व त्यास सभासदामागें वर्षास सुमारें ४ शिलिंग देई. ज्याची कमाई अनियमित, त्यास मंडळी घेत नसे. त्यानें एक तर औषधविक्याकडून पुडी आणावी, नाहीं तर धर्मादाय इस्पितळाची वाट धरावी. या इस्पितळांपैकीं पुष्कळांत प्रवेशासाठीं वर्गणीदार सद्गृहस्थाची शिफारसचिठ्ठी लागे. अशा छापील चिठ्ठ्यांचे नमुने आज संग्राहक जपून ठेवतात. आम्हांस त्या पाहतां आपल्याकडील अन्नछत्राच्या चिठ्ठ्यांची आठवण होते: घास देण्यापूर्वीं देणाऱ्याचें नांव आधीं सांगावयाचें. हाही मार्ग बंद झाला म्हणजे दरिद्र-कायद्याखालील वर्कहौसचें रुग्णालय उरे, आणि तेथें जाण्यांत मनुष्याची अब्रू जाई.

लॉइड जॉर्ज हे अर्थमंत्री असतां १९०८ सालीं जर्मनीस जाऊन तेथील व्यवस्था पाहून आले. त्यांनीं मांडलेला राष्ट्रीय विम्याचा कायदा १९११ च्या डिसेंबरांत मंजूर झाला. १९१२ च्या जुलईंत वर्गणी सुरू झाली आणि १९१३ च्या जानेवारीपासून औषधोपचार मिळूं लागला. व्यवस्था अशी होती. अंगमेहनतीचें काम करणारे सर्व मजूर, आणि इतर नोकरांपैकीं ज्यांचें उत्पन्न वर्षास १६० पौंडांच्या आंत तेवढे, यांस विमा सक्तीचा केला. दर आठवड्यास पुरुष मजुराच्या पगारांतून ४ पेन्स कापावयाचे, स्त्रीच्या पगारांतून ३. मालकानें ३ घालावयाचे व सरकारनें सुमारें २. म्हणून चार पेन्सांत नऊ पेन्सांचा माल, अशी या कायद्याची जाहिरात झाली. वर्गणी भरल्याची खूण म्हणून मालकानें नोकराच्या कार्डावर तिकिटें चिकटवावयाचीं. घरांतील मोलकरणींसही हा कायदा लागू असल्यामुळें, मोलकरणींचीं तिकिटें चाटीत बसण्याची आपणांवर पाळी येणार म्हणून लंडनच्या घरंदाज मालकिणींनीं १९११ च्या नोव्हेंबरांत आल्बर्ट हॉलमध्यें मोठी निषेधसभा भरविली होती. मानी माणसांचा राग बहुधा मोठ्या तत्त्वावर न येतां अशा बारीकशा गोष्टीवरच येतो.

या वर्गणीच्या मोबदल्यांत मजुरास आजारपणीं आठवड्यास १० शिलिंग रोख, बाळंतपणाचे ३० शिलिंग, क्षय झाल्यास आरोग्यधामांत जागा, आणि ‘पॅनेल’वरील डॉक्टराकडून औषधोपचार मिळावयाचा. पॅनेल म्हणजे या कामास राजी असलेल्या डॉक्टरांची गांवोगांवची यादी. तींतून मजुरानें आपला डॉक्टर निवडावा व डॉक्टरास त्याबद्दल दरडोई वार्षिक रक्कम मिळावी. पैशाचा कारभार मात्र सरकारनें स्वतःकडे न घेतां ‘मान्य मंडळ्यां’कडे दिला. त्यांत जुन्या परस्परसाहाय्यक मंडळ्या होत्या, कामगारसंघ होते, आणि दारोदार फिरून मर्तिकाच्या विम्याचे हप्ते गोळा करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्याही होत्या.

डॉक्टरांनीं प्रथम या कायद्यावर बहिष्कार घातला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें डोईस ८॥ शिलिंग, औषध वेगळें, अशी मागणी केली; सरकार ६ शिलिंगांपासून वाढत वाढत औषधासह ९ शिलिंगांपर्यंत गेलें. तेव्हां संघाच्या शपथा बाजूस राहिल्या व १९१३ च्या जानेवारींत दहा हजारांहून अधिक डॉक्टर पॅनेलवर आले. गरीब वस्तींतल्या डॉक्टरास पूर्वीं ४ शिलिंग मिळत, तेथें आतां जवळजवळ दुप्पट प्राप्ति होणार होती. तो कां नाकारील? ही गोष्ट भोगवट्याच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे, कारण सनद झाल्याबरोबर तिचा अंमल करणारा माणूस जागेवर हजर झाला. सर्वच सनदांचें असें भाग्य नसतें.

आतां भोगवट्याकडे वळूं. कायदा सुरू होऊन वर्ष उलटतें न उलटतें तोंच मान्य मंडळ्यांच्या तिजोरीवर अनपेक्षित ताण पडला. हिशेब मांडणाऱ्या गणितज्ञांनीं स्त्रियांना जितका आजार होईल असें धरलें होतें, त्याहून पुष्कळ अधिक आजाराचे दावे स्त्रियांकडून आले. चौकशीसाठीं सरकारी समिति नेमली गेली व तिचा अहवाल १९१४ सालीं बाहेर पडला. बायका आजाराचें ढोंग करतात, डॉक्टर त्यांस सढळ हातानें दाखले देतात, असा बोभाटा त्या वेळीं सर्वत्र होता. समितीच्या सभासद मेरी मॅकार्थर यांनीं आपलें वेगळें मत नोंदविलें. कामकरी स्त्रियांचें वेतन अल्प, अन्न निकृष्ट व कामाचे तास फार. त्यांचा आजार खराच आहे, तो आजवर कोणी मोजला नव्हता, असा त्यांचा आशय होता.

या दोन मतांपैकीं आम्ही निःसंशय दुसरें स्वीकारतों, व तें स्त्रीदाक्षिण्यानें नव्हे. महसुलाचे कागद ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, नव्या मोजणीनंतर गांवची लागवडीची जमीन एकाएकीं वाढलेली दिसते. जमीन कांहीं एका रात्रींत वाढत नाहीं. पूर्वीं ती चोपड्यांत नव्हती एवढेंच. स्त्रियांच्या आजाराचें तसेंच झालें. जी विणकरीण डोकें धरून मागावर उभी राहत होती, तिला प्रथमच डॉक्टराकडे जाण्याचा व चार दिवस घरीं निजण्याचा हक्क मिळाला, आणि तिचा आजार दप्तरांत उमटला. औषधोपचार खरोखर लोकांपर्यंत पोंचूं लागला याचा यापेक्षां सबळ पुरावा आम्हांस दिसत नाहीं. विमा देणाऱ्यांस जें नुकसान वाटलें, तेंच त्या सुधारणेचें यश होतें. मंडळ्यांनीं मात्र हें यश ओझें मानलें, आणि पुढें १९३२ च्या कायद्यानें विवाहित स्त्रियांचे रोख लाभ कमी करण्यांत आले.

हें झालें सनदेंत ज्यांचीं नांवें होतीं त्यांच्याविषयीं. मीमांसक कोणत्याही विधीसंबंधीं प्रथम विचारतात, अधिकारी कोण? हाच प्रश्न येथें विचारला असतां या कायद्याचें दुसरें अंग उघडें पडतें. अधिकारी होता मजूर. मजुराची बायको नव्हे, त्याचीं मुलेंही नव्हेत. वर्गणी भरणाऱ्यालाच डॉक्टर. बाळंतपणाचे ३० शिलिंग तेवढे बायकोच्या निमित्तानें घरांत येत, तेही आरंभीं नवऱ्याच्या हातीं पडत. स्त्रियांच्या सहकारी गिल्डनें चळवळ केली तेव्हां १९१३ च्या दुरुस्तीनें ती रक्कम बाळंतिणीच्या मालकीची ठरली.

याच गिल्डनें आपल्या सभासद स्त्रियांकडून त्यांच्या बाळंतपणांचे अनुभव मागविले व आलेल्या पत्रांपैकीं १६० पत्रें १९१५ सालीं छापून प्रसिद्ध केलीं. संपादन मार्गारेट ल्युएलिन डेव्हिस यांचें. आम्हीं आयुष्यभर पत्रें वाचलीं आहेत, बहुतेक सरदारांचीं व कारकुनांचीं. त्या पत्रांत माणूस आपल्यास हवें तेवढेंच सांगतो. या पत्रांची जात निराळी आहे. डॉक्टराच्या फीसाठीं गर्भारपणांत स्वतःच्या ताटांतलें अन्न कमी करून पैसे सांठविणें, प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत धुण्याच्या टोपलीपाशीं उभें राहणें, दुखणें वर्षानुवर्षें अंगावर काढणें, गर्भपात व मेलेलीं मुलें, हें सर्व त्यांत साध्या शब्दांत आहे. या स्त्रिया भिकारी नव्हत्या. गिल्डच्या सभासद म्हणजे मजूरवर्गांतल्या त्यांतल्या त्यांत बऱ्या स्थितींतल्या. त्यांची ही कथा, तर त्यांच्या खालच्यांची काय असेल?

पत्रांस कोणी ‘निवडक’ म्हणून नाक मुरडील, तर चोवीस वर्षांनंतरचा दुसरा पुरावा आहे. मार्गेरी स्प्रिंग राइस यांनीं १,२५० कामकरी गृहिणींची पाहणी करून १९३९ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. रक्तक्षय, डोकेदुखी, संधिवात, किडलेले दांत, बाळंतपणापासून राहिलेलीं दुखणीं, हीं घरोघर. आणि पुष्कळ दुखण्यांवर उपचार म्हणून कांहींच केलेला नाहीं. त्याच घरांत नवरा पॅनेलवर होता. एकाच छपराखालीं एकास सनद होती व दुसऱ्यास नव्हती. भोगवट्याची तुलना करण्यास याहून चोख जागा कोणती मिळणार? मुलांस निदान १९०७ च्या कायद्यापासून शाळेंतील तपासणी होती. आईस तेंही नव्हतें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विमेदार रोग्याच्या टिपणांसाठीं १९२० च्या सुमारास एका ठराविक मापाचे लहान लखोटे प्रचारांत आले. रोग्यानें डॉक्टर बदलला म्हणजे त्याचा लखोटा त्याच्यामागून नव्या डॉक्टराकडे जाई. ‘लॉइड जॉर्ज लखोटे’ या नांवानेंच ते इंग्लंडच्या दवाखान्यांत शंभर वर्षें ओळखले गेले, आणि अलीकडे त्यांतील टिपणें संगणकावर उतरवून घेण्याचें काम चाललें आहे. परंतु ज्यास हक्क नाहीं त्यास लखोटा नाहीं. १९४८ पूर्वींच्या या दप्तरावरूनच कोणी इंग्रजांच्या आजारांचा इतिहास लिहूं लागला, तर घरांत राबणाऱ्या बायका त्यास दिसणार नाहींत. दप्तरांतील रिकामी जागा हाही लेखच असतो. तो वाचण्यास फक्त सवय लागते.

सनदेंत आणखीही एक मोठें छिद्र होतें. पॅनेलचा डॉक्टर जें करूं शकेल तेवढेंच देय होतें. इस्पितळ, शस्त्रक्रिया, तज्ज्ञाची सल्ला हीं तिच्या बाहेर; क्षयाचें आरोग्यधाम हा अपवाद. म्हणजे खोकल्यास हक्क आणि आंतड्याच्या पिळ्यास धर्मादाय. लोकांनीं ही उणीव आपण होऊन भरून काढूं पाहिली. लंडनमध्यें १९२२ सालीं निघालेल्या हॉस्पिटल सेव्हिंग असोसिएशनसारख्या मंडळ्यांत आठवड्यास ३ पेन्स भरून इस्पितळाच्या खर्चाची बेगमी करतां येई. दांत व डोळे यांचा खर्च कांहीं मान्य मंडळ्या आपल्या शिलकेंतून देत. पण ज्या मंडळींत निरोगी सभासद अधिक तिची शिलक मोठी, व खाणींतल्या रोगट मजुरांच्या मंडळीची तिजोरी रिकामी. ज्यास गरज अधिक त्यास लाभ कमी, असा हा उफराटा न्याय झाला. या सर्व कारभाराची चौकशी करणाऱ्या राजनियुक्त आयोगानें १९२६ सालीं आपल्या अहवालांत एक मार्मिक अभिप्राय दिला. अखेरचा तोडगा म्हणजे औषधोपचाराची विम्यापासून फारकत करून तो इतर सार्वजनिक आरोग्यकार्यांप्रमाणें सामान्य सरकारी निधींतून चालविणें हाच होय, असा त्याचा भाव होता. विम्याच्या व्यवस्थेची तपासणी करण्यास बसविलेल्या पंचांनीं विम्याच्या पलीकडे बोट दाखवावें, यावरून त्यांनीं भोगवटा पाहिला होता हें उघड होतें.

पुढील हकीकत सुप्रसिद्ध आहे. १९४२ च्या डिसेंबरांत बेव्हरिज यांचा अहवाल, १९४६ चा कायदा, आणि ५ जुलै १९४८ रोजीं अन्यूरिन बेव्हन यांच्या मंत्रिपदाखालीं राष्ट्रीय आरोग्यसेवेचा आरंभ. हक्क वर्गणीदाराचा न राहतां रहिवाशाचा झाला. या कायद्यांतील एक कलम आमच्या वाचकांस विशेष परिचयाचें वाटेल. तोंवर इंग्लंडांत डॉक्टर आपल्या दवाखान्याची गिऱ्हाइकी रोख पैशांस विकीत व नवा डॉक्टर ती विकत घेई. जणुं कुलकर्णाचें वतनच. ही खरेदीविक्री कायद्यानें बंद केली व जुन्या वतनदारांस नुकसानभरपाई म्हणून ६ कोटि ६० लक्ष पौंडांची तरतूद केली. आमच्या मुलखांत वतनें खालसा होतांना मोबदल्याची केवढी यातायात झाली हें जाणणाऱ्यांस या आंकड्याचें महत्त्व सांगावयास नको.

पहिल्याच वर्षांत पन्नास लक्षांहून अधिक चष्मे वांटले गेले. दांतांच्या कवळ्यांसाठींही तशीच रीघ लागली. फुकट मिळतें म्हणून लोक लुटीत आहेत, असें पुन्हा एकदां म्हटलें गेलें. ज्या म्हातारीनें बाजारांतल्या स्वस्त दुकानीं हाताला येईल तो चष्मा डोळ्यांस लावून वीस वर्षें काढलीं, तिनें डोळे तपासून चष्मा घेतला यास लूट म्हणावें काय? दोन चष्मे घेणारेही कांहीं असतील. पण पन्नास लक्ष माणसें हौसेनें चष्मा लावीत नाहींत. १९१४ सालच्या ‘ढोंगी’ बायकांच्या प्रकरणाची ही दुसरी आवृत्ति होती. सरकारची छाती मात्र दडपली. १९५१ सालीं कवळ्या व चष्मे यांवर आकार बसला, बेव्हन यांनीं राजीनामा दिला, आणि १९५२ पासून औषधाच्या चिठ्ठीवरही एक शिलिंग द्यावा लागूं लागला.

तरी हक्क सर्वांस समान झाल्यावर भोगवटा समान झाला असें समजूं नये. वेल्समधील ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गांवीं डॉक्टरकी करणारे जूलियन ट्यूडर हार्ट यांनीं १९७१ सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत दाखवून दिलें कीं, जेथें रोग अधिक तेथें चांगली वैद्यकी कमी, व जेथें गरज कमी तेथें ती मुबलक. आणि जेथें वैद्यकी बाजारावर अधिक सोंपविली जाते तेथें हा व्यत्यास अधिक तीव्र होतो. पुन्हा चार पादांकडे यावें लागतें. रोगी आढ्य झाला. पण वैद्य त्याच्या गांवीं राहावयास तयार नसेल, तर आढ्यतेचें काय करावयाचें?

या प्रकरणाचा आपल्या देशाशीं प्रत्यक्ष संबंध आहे. १९४३ सालीं एकाच वर्षीं हिंदुस्थानांत दोन कामें सुरू झालीं. कारखान्यांतील मजुरांच्या आजारविम्याची योजना प्रो. बी. पी. अडारकर यांजकडे सोंपविली गेली. त्यांचा अहवाल १९४४ सालीं आला व त्यावरून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. दुसरें काम सर जोसेफ भोर यांच्या समितीचें. हे भोर जन्मानें नाशिकचे. त्यांचा अहवाल १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. त्या समितीनें आधीं शिरगणती केली: ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर, ४३,००० माणसांमागें एक परिचारिका. ही शिरगणती पाहतां तिनें विम्याची वाट न धरतां सरकारी खर्चाच्या दवाखान्यांची योजना मांडली, याचें आश्चर्य वाटत नाहीं. पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणी उपचारावांचून राहूं नये, हें तत्त्व तिनें धरलें. परंतु पैसे असले तरी जेथें वैद्यच नाहीं, तेथें सनद कोणावर बजावणार?

दोहोंपैकीं अंमलांत लौकर आला तो विमा. १९५२ च्या फेब्रुवारींत कानपूर व दिल्ली येथें त्याचा आरंभ झाला, व मागाहून मुंबईच्या गिरणगांवांत. मुंबईनें ब्रिटिश पद्धतीचें पॅनेलही उचललें. जुन्या गिरणीकामगारांच्या तोंडीं ‘पॅनेलचा डॉक्टर’ हा शब्द त्यामुळेंच आहे. आणि १९११ चा दोषही आला: आरंभीं औषधोपचार विमेदार कामगारापुरताच होता, बायकामुलांस तो मागाहून मिळाला. नक्कल करणारा लेखक मूळ प्रतींतील चुकाही उतरून घेतो, हा आपला नेहमींचा अनुभव आहे.

अलीकडील सनदा निराळ्या घाटाच्या आहेत. महाराष्ट्रांत २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना निघाली. २०१३ त ती राज्यभर झाली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचें नांव तिला मिळालें. २०१८ च्या सप्टेंबरांत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली, जींत कुटुंबास वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंतचा इस्पितळखर्च मिळतो. १९११ च्या उलट हा प्रकार आहे. तेव्हां दारचा डॉक्टर होता व इस्पितळ नव्हतें. आतां इस्पितळ आहे, पण ताप, खोकला, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या यांचा खर्च विम्याच्या बाहेर राहतो.

तरीही इस्पितळापुरत्या सनदेचा भोगवटा कधींच होत नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. आमच्या शेजारच्या कर्नाटकांत २०१० सालीं वाजपेयी आरोग्यश्री ही योजना प्रथम उत्तर भागांत लागू झाली, दक्षिण भागांत नाहीं. संशोधकांनीं योजनेच्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंचीं ५७२ गांवें घेऊन तींतील ६०,१०९ घरांची पाहणी केली व निष्कर्ष २०१४ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें छापले. भाषा तीच, गरिबी तीच, फक्त सनदेची रेघ मध्यें. दोन पोथ्यांचा पाठभेद लावावा तशी ही रीत आहे. हृद्रोग, कर्करोग इत्यादि ज्या रोगांवर योजनेखालीं उपचार होऊं शकत होते, त्यांनीं मेलेल्यांचें प्रमाण दारिद्र्यरेषेखालील घरांत रेघेच्या अलीकडे शेंकडा ०.३२ व पलीकडे शेंकडा ०.९० असें निघालें. याचीं कारणें आमच्या मतें योजनेच्या रचनेंतच आहेत. नांवनोंदणीची यातायात नव्हती, दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका पुरे होती; वर्गणी नव्हती; आणि इस्पितळांनीं गांवोगांव शिबिरें भरवून रोगी हुडकून काढले. सनद रोग्याच्या घरीं चालत गेली. १९१३ सालीं ती पॅनेलच्या डॉक्टराच्या रूपानें तशीच गेली होती.

म्हणून आमचें उत्तर असें कीं, विम्यानें औषधोपचार वाढतो, हें दोन्ही प्रकरणांत कागदांवरून सिद्ध आहे. पण तो सनदेंत नांव असलेल्यांचाच वाढतो, सनदेंत लिहिलेल्या रोगांपुरताच वाढतो, व वैद्य पोंचेल तेथेंच वाढतो. या तीन मर्यादा कायद्याच्या प्रस्तावनेंत कधींच लिहिलेल्या नसतात.

शेवटीं संग्राहकांस विनंति. मुंबई, सोलापूर, नागपूर येथील गिरणीकामगारांच्या घरीं विम्याचीं जुनीं कार्डें, पॅनेलच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांचीं बिलें, इस्पितळांतून सुटतांना दिलेले कागद अजून पत्र्याच्या पेट्यांतून आहेत. गिरण्या बंद पडल्यावर घरें हललीं, आणि हे कागद रद्दींत चालले आहेत. त्यांस कोणी इतिहासाचें साधन समजत नाहीं. ज्यांस ते मिळतील त्यांनीं प्रत्येकावर तीन गोष्टी टिपून ठेवाव्या: रोगी विमेदार स्वतः कीं घरचें माणूस, दवाखाना घरापासून किती लांब, आणि सनद असूनही पदरचे किती पैसे गेले. कागद खाजगी असल्यामुळें घरच्या मंडळींच्या परवानगीवांचून रोग्याचें नांव कोठेंही छापूं नये. नक्कल करतांना नांवाच्या जागीं फक्त वय, धंदा व वस्ती लिहावी, तेवढ्यानें आपलें काम भागतें.